पिराची ओली चादर

“बाबा, मग आता टोपी मला देणार ना?”

इलाहीनं हे विचारलं तेव्हा लतीफशा बाबांचे पाय अजून जमिनीलाही लागले नव्हते. धनगरांनी त्यांना डोलीत घालून घाट चढवून आणलं होतं. डोली अजून खांद्यावरच होती.

मान वळवून बाबा रानाकडं बघत राहिले...

“ऊन लई आलंय रं,” ते म्हणाले.

“चैत आहे बाबा. ऊन यायचंच.”

“हितं येत नसतं.”

इलाही हसला, आणि डोलीला हात लावायला पुढं झाला.

आता इलाही काही वाईट माणूस नव्हता. शहरात लाकडाच्या वखारीत वाढलेला गडी. बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूल गेलं, तसा करवत टाकून उठला आणि चालत सुटला. पाय थांबले ते या डोंगरावर, पिराच्या रानात. तिथं बाबा होते. त्यांच्या पायाशी बसला.

बसला म्हणायचं एवढंच. बसणं त्याच्या हाडात नव्हतं. झाडायचं, पाणी आणायचं, चूल सारवायची, कुंपणाची काटी सारखी करायची. बाबा म्हणायचे, “जरा बूड टेक लेका.” तो म्हणायचा, “एवढं उरकतो नि टेकतो.” त्याचं उरकणं काही संपलं नाही.

पिराची कबर रानाच्या पोटात होती. पिरानं जाताना सांगून ठेवलं होतं म्हणतात, माझ्या अंगावर कापड घालू नका, रान घालील ते पांघरेन. रानानं शेवाळ घातलं. बोटभर जाड, दाट, बारा महिने ओलं. लोक त्यालाच चादर म्हणू लागले.

ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं तिथं यायचं. चादरीवर तळवा दाबायचा. बोटांच्या फटीतून गार पाणी वर यायचं, ऐन वैशाखातसुद्धा. ते रडून सुजलेल्या डोळ्यांना लावायचं आणि आल्या वाटेनं घरी जायचं. नवस नाही, नारळ नाही, कोणाचं काही देणं नाही.

इलाहीनंही पहिल्या दिवशी तळवा दाबला होता. ते पाणी डोळ्याला लागलं आणि तो बायको गेल्यापासून पहिल्यांदा झोपला होता.

ते तो विसरला नव्हता. तेच तर पुढं नडलं.

गेल्या पावसाळ्यात बाबा ओढ्याच्या अंगाला शेवाळावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. इलाहीनं त्यांना पाठीवर घेतलं, भर पावसात घाट उतरला आणि शहरात त्यांच्या भाचीच्या घरी पोचवलं. परत फिरताना बाबांनी त्याचा हात धरला.

“रान सांभाळ,” ते म्हणाले.

त्यानं सांभाळलं.

आधी त्याला शेवाळाचा राग आला होता. माझ्या म्हाताऱ्याला ह्यानं पाडलं, एवढंच डोक्यात. वाटेवर ऊन पडलं की वाट सुकते, हे सांगायला मौलवी लागत नाही. म्हणून त्यानं वाटेवरच्या फांद्या छाटल्या. मग वरच्या. मग वाटलं, एवढं केलंय तर नीटच करावं.

जागच्या जागी वाळून उभी राहिलेली जुनी झाडं होती, भुतासारखी. ती पाडली. आडवे पडून कुजत चाललेले ओंडके होते. वखारीच्या माणसाला पडलेलं लाकूड बघवत नाही, जसं घरच्या बाईला सांडलेलं अन्न बघवत नाही. ते ओढून काढले, फाडले. आतून धड निघाले त्यांचे खांब केले, कुजके उरुसाच्या चुलीसाठी रचून ठेवले. पालापाचोळा झाडून त्याच्या होळ्या केल्या. मोकळ्या झालेल्या जागेत दोरी धरून निलगिरी लावली, शाळेतली पोरं उभी करावी तशी रांगेत.

कबर आता थेट घाटवाटेवरून दिसायला लागली. जाणारे-येणारे थांबून बघत. म्हणत, “इलाहीभाई, रानाचं सोनं केलंत. टोपी तुमचीच.”

टोपी म्हणजे बाबांच्या डोक्यावरची. त्यांना त्यांच्या गुरूनं दिलेली, त्यांना त्यांच्या. मूळची पांढरी, आता ताकासारखी मळकट. ती ज्याच्या डोक्यावर, पीर त्याच्या हवाली.

इलाहीला ती हवी होती. बायको नाही, लेकरू नाही, वखार सुटलेली. जगात कुणीतरी म्हणावं की हे तुझ्या हवाली केलं, इतकंच त्याला हवं होतं.

कबरीला त्यानं बोट लावलं नाही. एवढा वेडा तो नव्हता. तिच्याभोवती झाडलं, छाटलं, सारवलं. चादर मात्र होती तशी ठेवली.

थंडी सरता सरता चादरीची कड तपकिरी पडली.

त्याला वाटलं, थंडीनं असेल. मग मधेच एक ठिगळ सुकलं. मग दुसरं. शिमग्यापर्यंत सगळी चादर चहाच्या चोथ्यासारखी झाली, आणि वारं आलं की खपली निघावी तशी निघून उडायला लागली. खाली दगड दिसला. पांढरा, टकला.

इलाही घागरी घेऊन धावला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवस कलताना पाणी. दगड पाणी पीत नाही. घातलं तेवढं वाहून गेलं.

मग त्यानं गावातल्या टाकीच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून आणलं आणि कबरीवर थापलं. ते चार दिवस हिरवं राहिलं. ते शेवाळ काय, कुठंही येतं. न्हाणीत येतं, कौलावर येतं, गटाराच्या कडेला येतं, त्याला लाजलज्जा नाही. पण कबरीवर तेही टिकलं नाही.

आणि मग सांगावा आला, की बाबा उरुसाला येतायत.

इलाहीनं शहरातून साटीनची हिरवी चादर आणली. सोनेरी झालर लावलेली. ती कबरीवर घातली. एवढ्यानं भागणार नव्हतं, कारण लोक तळवा दाबणार. म्हणून त्यानं साटीनच्या खाली गोणपाटाच्या घड्या घातल्या आणि त्या भिजवल्या. स्वतः तळवा दाबून बघितला.

पाणी वर आलं.

त्यालाच ते बघून रडू आलं. पण ते पाणी काही त्यानं डोळ्याला लावलं नाही.

तर अशी सगळी तयारी होती, आणि डोली अंगणात उतरली.

बाबांना त्यानं घोंगडीवर बसवलं. डोलीच्या मागून ठकुबाई आली होती, वरच्या वाडीची धनगरीण. नवरा महिन्याभरापूर्वी गेला होता. कपाळ मोकळं, डोळे भाजल्यासारखे लाल. तरी जीभ होती तिथंच होती.

“काय रं इलाही,” कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “रानाची पार हजामत केलीस की.”

“साफ केलंय, ठकुबाई.”

“साफ म्हंजी किती. माजी मेंढरंबी एवढं साफ करत न्हाईत.”

डोली आणणारे धनगर हसले. बाबा हसले नाहीत. ते वर बघत होते, जिथं पूर्वी आभाळ दिसत नसे.

“पानी लावून येते बाबा,” ठकुबाई म्हणाली. “घरात कोरड्या डोळ्यानं बसवंना झालंय.”

इलाही आडवा आला. “उद्या लावा की. उद्या उरूस आहे, उद्या बरं.”

“मी उरुसाला आल्ये व्हय? माझं माणूस गेलंय.”

“लावू दे तिला,” बाबा म्हणाले.

इलाही बाजूला झाला. दुसरं काय करणार.

ठकुबाई कबरीपाशी गेली आणि थबकली.

“ह्ये काय घातलंयस?”

“चादर आहे. साटीनची.”

“पीर कापड घेत न्हवता.”

“आता घेतो,” इलाही म्हणाला. आपल्या तोंडून हे कसं निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

तिनं एकदा बाबांकडं बघितलं. मग खाली बसली, डोळे मिटले आणि तळवा दाबला.

पाणी वर आलं.

ठकुबाई तशीच बसून राहिली...

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “पानी कोमट लागतंय.”

तिनं तळवा पुन्हा दाबून बघितला.

“पिराला ताप आलाय जणू.”

तिनं तरीही ते पाणी डोळ्यांना लावलं. लांबून चालत आली होती बिचारी. लावलं, आणि ती सगळ्यांकडं वळली, तेव्हा पुढं आलेला डोलीवाला एक धनगर पाऊलभर मागं सरला.

साटीनचा रंग सुटला होता. तिचा तळवा हिरवा झाला होता. दोन्ही पापण्या हिरव्या, आणि एक हिरवा ओघळ गालावरून खाली चालला होता. तिला ठाऊक नव्हतं.

इलाहीनं मान खाली घातली.

“ठकू,” बाबा म्हणाले, “पदरानं पूस गं. डोळ्यात जाईल.”

तिनं पुसलं. पदराकडं बघितलं. मग इलाहीकडं. त्याला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि त्याला त्या हव्याही होत्या.

तिनं पायताण घातलं आणि ती वाडीच्या वाटेला लागली. उन्हात तिची आकृती लांबपर्यंत दिसत राहिली. पूर्वी या रानात शिरलेलं माणूस दहा पावलांवर दिसेनासं व्हायचं.

धनगर चहाच्या निमित्तानं पलीकडं सरकले.

“कापड काढ,” बाबा म्हणाले.

इलाहीनं साटीन काढलं. गोणपाट काढलं. त्याला कुबट वास मारत होता. खाली दगड होता.

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. जवळचं माणूस मेल्यावर तोंड बघतात तसं...

“मी चादरीला बोटही लावलं नाही, बाबा,” इलाही म्हणाला. “तुमची शपथ. तिच्या आजूबाजूचं तेवढं काढलं.”

“व्हय.”

“पाणी कमी पडू दिलं नाही. घागरी वाहून खांदा सोलला माझा. बघा.”

“दिसतोय.”

“मग का गेली ती?”

बाबांनी दोन्ही हात पुढं केले, लहान मूल उचलून घ्यायला सांगतं तसे.

“मी घसरलो तिथं ने.”

इलाहीनं त्यांना पाठीवर घेतलं. गेल्या खेपेपेक्षा म्हातारा हलका झाला होता. पाठीवर वाळला पाला भरलेलं पोतं घेतल्यासारखं वाटत होतं. निलगिरीच्या रांगेतून तो उतरत गेला. पायाखाली माती फुफाट्यासारखी उडत होती. एक पाखरू बोललं नाही.

ओढ्याच्या वळणावर दरड पुढं झुकलेली होती आणि तिच्या पोटात एक म्हातारं जांभळाचं खोड आडवं पडलेलं होतं. बाबांच्या गुरूच्या वेळी पडलेलं, असं म्हणत. इलाहीनं तेही काढायला बघितलं होतं. एका टोकाला करवतीची खोल चीर अजून दिसत होती. पण करवत आत अडकली, खोड दगडात रुतलेलं, आणि दरडीवरच्या उंबरापर्यंत त्याचा हात पोचला नाही. म्हणून तेवढं राहिलं होतं. जमलं नाही म्हणून.

तिथं सावली होती. गारवा होता. खोड हिरवं होतं.

“बसव मला.”

इलाहीनं त्यांना खोडाशेजारी टेकवलं.

“बघ.”

“शेवाळ आहे.”

“बघ म्हणतोय.”

इलाही वाकला. आधी नुसतं हिरवं दिसलं. मग डोळा बसला तसं ते हिरवं फुटायला लागलं. एक हरणाच्या केसासारखं, उभं. एक कोंबडीच्या पिलाच्या पिसासारखं, आडवं पसरलेलं. एक चपटं, ओल्या कातीसारखं, सालीला चिकटून. एकाला राईएवढ्या छत्र्या. एक काळपट, लाकूड जिथं भुसभुशीत झालं होतं तिथंच फक्त, आणि त्याच्या शेजारी एक, जे धड सालीवरच धरून होतं आणि कुजक्याकडं सरकतही नव्हतं. जितकं वाकावं तितकी नवी...

ही सगळी कबरीवर होती. प्रत्येकाची जागा त्याला आठवायला लागली. पिसासारखं पायथ्याशी होतं. छत्र्यांचं उशाला.

“ही इथनं तिकडं जायची?”

“कुणी हितनं, कुणी वाळल्या झाडावरनं, कुणी म्हाताऱ्या हिरड्याच्या सालीतनं. ज्याला जसं जमंल तसं.”

“वाळलेली झाडं मी फाडली.”

“व्हय.”

“हिरडासुद्धा.”

“दिसला न्हाई मगाशी.”

इलाही मातीत बसला.

“बाबा, तुम्ही ह्याच्यावरून पडलात. खुबा मोडला तुमचा. मला ह्याचा राग आला होता.”

“पडलो खरा,” बाबा म्हणाले. “डोस्कंबी ह्याच्यावरच आपटलं. मऊ होतं म्हणून राहिलो.”

ओढ्यात पाणी नव्हतं. पण खोडाच्या खालच्या अंगाला कुठंतरी थेंब पडत होता.

“परत येईल का चादर?”

“येईल की.”

“कधी?”

बाबांनी बोट वर केलं. दरडीच्या पलीकडं रांगेतली निलगिरी दिसत होती. आणि तिच्या पायथ्याशी जुन्या झाडांची बुडखी.

“ती बुडखी फुटून झाडं व्हतील. मोठी व्हतील. म्हातारी व्हतील. मरतील. पडतील. कुजतील.” ते थांबले. “मग येईल.”

इलाहीनं तोंडावर हात घेतला.

“तोवर ठकुबाईसारखी माणसं कुठं जातील?”

बाबांचे डोळे भरून आले होते, पण पाणी घ्यायला त्यांनी हात खोडाकडं नेला नाही.

“मी छप्पर घालतो,” इलाही घाईघाईनं म्हणाला. “पाला आणतो, माती आणतो. टाकीचं पाणी नळानं वर आणतो. ह्यातलं थोडं थोडं काढून नेऊन लावतो, नीट लावतो ह्या वेळी. आणखी काय करू, तुम्ही सांगाल ते करतो. सांगा ना बाबा.”

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

इलाहीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो गुडघ्यांवर आला. मान वाकवली. डोळे मिटून घेतले.

त्यानं वाट बघितली...

डोक्यावर काही आलं नाही.

त्यानं डोळे उघडले. बाबांनी टोपी खोडावर ठेवली होती, करवतीच्या चिरेवर. त्यांचं डोकं उघडं होतं, पांढऱ्या विरळ केसांचं, अंड्यासारखं. इलाहीनं ते कधी उघडं बघितलं नव्हतं.

दरडीतून थेंब आला आणि टोपीवर पडला. तिथं काळा डाग झाला. एक वाणी किडा सालीतून निघाला आणि टोपीच्या काठावर चढायला लागला. टोपी एका अंगाला कललेली होती, जरा वाऱ्यानं खाली चिखलात पडेल अशी.

इलाहीचा हात पुढं झाला. घ्यायला नाही. तेवढी सरळ करावी म्हणून.

“हात मागं घे, इलाही.”